दलाल लिहायचं की व्यापारी

मुलीनं लग्नाचा बायोडाटा स्वतःच मोबाइलवर तयार केला. ‘वडिलांचा व्यवसाय’ या ओळीपुढं तिनं लिहिलं होतं, ‘पशुधन व्यापार’. ते वाचून माझं डोकं सटकलं. व्यापारी जनावर विकत घेतो, आपल्या दावणीला बांधतो आणि मग विकतो. माझ्या दावणीला विकायचं जनावर कधी बांधलं गेलं नाही. एकाचा बैल दुसऱ्याच्या गोठ्यात पोचवायचा आणि मध्ये राहून दोघांचं जमवून द्यायचं, हे माझं काम. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातून निघून मी त्यावर सांगलीत घर बांधलं. त्या कामाला दलाली म्हणतात.

“मग दलाल लिहू?” मुलगी म्हणाली. ती साताऱ्यात औषधाच्या दुकानात काम करते, तोलून बोलते. “आप्पा, दलाल वाचून कोण फोन करंल?”

“ज्याला करायचा तो करंल.”

“तुमाला कुणाला तरी धडा शिकवायचाय. पर लगीन माझं हाय.”

तिचं खरं होतं. माझा राग तिच्यावर नव्हताच. मागच्या वर्षी आमच्या मूळ गावात शेतकऱ्यांची सभा झाली. मंडपाचा खर्च माझा, पहिल्या रांगेत खुर्ची माझी. बोलणारा पुढारी आमच्याच गावचा पोरगा. तो मूठ आपटून म्हणाला, “या दलालांना आधी शिवेबाहेर हाकला!” टाळ्या पडल्या. मंडपवाल्यानंही वाजवल्या. या पोराच्या बापाची बैलजोडी मी बाजारामागून बाजार फिरून चांगल्या भावात दिली होती, तेव्हा कुठं हा कॉलेजात गेला. सभा संपल्यावर मी त्याला गाठलं. तो हसून म्हणाला, “काका, स्टेजवर बोलायचं असतं असं. तुमी मनाला लावून घेऊ नका.”

मी लावून घेतलं. अजूनही ते निघालेलं नाही.

तेव्हापासून भेटेल त्याला मी हा शब्द विचारत सुटलो. झोप लागायची नाही, जेवताना मध्येच आठवायचं. मिरजेला शेळ्यांचा व्यापार करणारे एक म्हातारे चाचा आहेत, त्यांच्याकडं गेलो. ते बोकडाचे दात बघत होते. मान वर न करता म्हणाले, “आरबी शब्द हाय गड्या. वाट दाखवणारा, त्यो दलाल. दलील म्हंतो न्हवं आपण, ते बी त्याच घरातलं.”

“मग आपल्याकडं शिवी कशी झाली?”

“तुज्यासारख्यांनी केली,” चाचा म्हणाले आणि बोकडासकट सगळे हसले असं मला वाटलं.

शेजारी पलटणीतून निवृत्त झालेला माणूस राहतो. तो म्हणाला, “उत्तरेत कुणाला दलाल म्हणू नका, दात पाडतील.” तिकडं म्हणे बायकांचा धंदा चालवणाऱ्याला तसं म्हणतात. आखातात गाडी चालवून आलेला माझा भाचा म्हणाला, तिथं लिलावात भर चौकात भाव पुकारणारा तो दलाल, त्याला मान असतो. जतच्या पलीकडं कानडी शेतकरी मला ‘दल्लाळी’ म्हणून हाक मारतात. त्यांच्या तोंडून तो शब्द मला कधी टोचला नाही. गुजरात्यांत तर ते आडनाव आहे, पाटीवर झोकात लिहितात. आणि आपल्याकडं? जनावराच्या बाजारात हेड्या म्हणा, मार्केट यार्डात अडत्या म्हणा, चालतं. फ्लॅट विकणारा एजंट होतो, शेअर विकणारा ब्रोकर होतो, त्याला लोक मुलगी देतात. काम तेच. इंग्रजी बोललं की धुतलं जातं.

हे सगळं मी मुलीला रोज फोनवर ऐकवायचो. शेवटी ती वैतागून म्हणाली, “लिहिते दलाल. पर मग फोन आला न्हाई म्हणून माझ्याकडं बघत बसायचं न्हाई.”

बरेच दिवस फोन आला नाही. बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. मी हट्ट सोडणार होतो, तेवढ्यात कोरेगावहून एक स्थळ आलं. मुलाचं कुपवाडला लेथ मशिनचं छोटं वर्कशॉप. दोघं भेटली, पुन्हा भेटली, एकमेकांना पसंत पडली. राहिली फक्त देण्याघेण्याची बैठक, ती आमच्या घरी ठरली.

मुलगा, त्याचे वडील आणि मामा आले. वडील गरीब स्वभावाचे, कपाळ पुसत बसलेले. बोलणारे मामाच. बसल्या बसल्या म्हणाले, “बायोडाट्यात दलाल लिवलंय! लय धाडस हाय बुवा तुमचं.”

मी राग गिळला. मुलगी समोर खुर्चीत बसली होती, तिच्याकडं बघून गिळलं.

“आमचं मागणं काय बी न्हाई,” मामा पुढं म्हणाले. “पर चार लोकांत शोभंल असं करा.”

हे वाक्य मी बाजारात आयुष्यभर ऐकलंय. ‘तुमीच काय ते बघा’ म्हणणाऱ्याची अपेक्षा सगळ्यांत मोठी असते.

“शोभंल म्हंजे किती?”

“आता तोंडानं काय सांगायचं आवं?”

आणि माझा हात खांद्याकडं गेला. मी ठरवून केलं नाही. खांद्यावरचा टॉवेल ओढला, मामांच्या मनगटावर टाकला आणि त्याखाली त्यांची बोटं धरली. बैलबाजारात असंच चालतं. भाव तोंडानं बोलायचा नाही. टॉवेलाखाली किती बोटं दाबली त्यावरून आकडा कळतो, भोवतीच्या माणसांना काही दिसत नाही. कमी भावात द्यावं लागलं तरी विकणाऱ्याची लाज राहते आणि जास्त मोजले म्हणून घेणाऱ्याला कुणी हसत नाही. मामांनीही उभा जन्म बैल पाळलेले. त्यांच्या बोटांनी लगेच उत्तर दिलं. मी एक बोट सोडलं, म्हणजे आकडा उतरवला; त्यांनी ते पुन्हा पकडलं. मी त्यांचा पंजा वळवला. किती दाबली ते इथंही लिहिणार नाही, तो आमचा नियम आहे. पण सभेपासून पहिल्यांदाच मला मोकळं वाटत होतं. मामाही डोळे बारीक करून छताकडं बघत होते, बाजारात बघतात तसे.

“आप्पा, हात बाहेर काढा.”

“थांब जरा. ठरत आलंय.”

“काय ठरत आलंय?” मुलगी उभी राहिली. “तुमच्या त्या टॉवेलाखाली बैल असतो, आप्पा. हितं मी हाय.”

माझी बोटं सैल पडली. मामांची अजून घट्ट होती.

“मामा, सोडा,” मुलगा म्हणाला.

“अरं, रीत असती बैठकीची...”

“सोडा म्हणतोय.”

टॉवेल खाली पडला. कुणी उचलला नाही. मुलगी म्हणाली, “लग्न नोंदणी करून. जेवण दोन्ही घरांनी निम्मं निम्मं. सोनं मागायचं न्हाई, घालायचं न्हाई. अजून काय असंल तर सगळ्यांसमोर बोला, मला ऐकू येऊ दे.”

मुलाचे वडील पहिल्यांदाच बोलले. “मला पटतंय. पर बसून बोलू सगळं.”

मामा ताडकन उठले. “मग आमाला कशाला आणलं हितं?” आणि चपला घालून बाहेर गेले. मी घाईनं उठलो. मोडायला आलेली बैठक सावरायची हे तर माझंच काम. मी म्हणालो, “थांबा, मी मामांना समजावतो, मग आपण मधला मार्ग...”

“आप्पा,” मुलगी म्हणाली, आवाज न चढवता, “आता मधी कुणी नको.”

बाजारात मला लोकांनी काय काय म्हटलंय. एवढं लागेल असं कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या लेखी मी त्या क्षणी पुढाऱ्याच्या भाषणातलाच माणूस होतो, आणि हे मला अजून मान्य नाही. मी तिची लाज झाकत होतो. तिला झाकायचीच नव्हती, हे मला कोण सांगणार?

मीही बाहेर आलो. मामा त्यांनी आणलेल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. मी दुसऱ्या बाजूनं आत बसलो.

“अजून एक सोडलं असतं का तुमी?” मामांनी विचारलं.

“तुमी धरलं नसतं तर.”

“मी सोडणार हुतो.”

“आता बोलून काय?”

घरातून चौघांचे आवाज येत होते. मुलीचा स्पष्ट, मुलाचा हळू, मध्येच माझ्या बायकोचा. कुणी काय धरलं, कुणी काय सोडलं, काही कळेना. मग सगळे एकदम हसले. मी जीपचं दार उघडलं, एक पाय खाली टाकला.

“बसा वो,” मामा म्हणाले. “जमलंय त्यांचं.”

जमलं होतंच. लग्न झालं, ती कुपवाडला सुखात आहे. मी मात्र तेव्हा पाय परत वर घेतला, दार लावलं, आणि आत काय ठरलं ते ऐकू यावं म्हणून लगेच पुन्हा उघडलं.