बागेतला झुला सर्वांचा आहे

वाचनालयाचा हा फळा रोज वाचणाऱ्या मंडळींनो, आजचं आजच लिहितो.

बागखात्यानं फाटकावर वर्षभराच्या कामांची यादी लावली आहे. रेडिओ, पाणपोई, झुले. मी अक्षरं जुळवत वाचली. खाली लिहिलंय, ‘सर्व नागरिकांसाठी’.

म्हणून माझी बायको झुल्यावर बसली. भाताच्या शेतात तण निंदण्यात तिचं आयुष्य गेलं, झुला आजच मिळाला. चौकीदारानं शिट्टी फुंकली. “ओ बुढे, उतर! पोरायसाठी हाय झुला!”

मला खाकी कपड्यांची धास्तीच. तरी म्हणालो, “यादी वाच बाबू. आमी नागरिक नाही काय?”

“साहेबाले सांगतो,” म्हणून तो गेला.

बायको म्हणाली, “भेता काहून? द्या झोका!”

दिला. उद्या पाचला आम्ही पुन्हा तिथंच. तुमच्या घरातून कोण येतंय?