माप माझ्या हाताचं

"बांगड्या राहू द्यात. तुम्ही फक्त माप सांगा."

मानसीची आई हे बोलली तेव्हा माझं बोचकं अर्धं सुटलं होतं. हिरव्या बांगड्या वर दिसत होत्या. लग्नाचा चुडा म्हणून मी तीन हिरवे आणले होते. एक पोपटी, एक विड्याच्या पानासारखा, एक गडद. नवरीचं मन कशावर बसेल सांगता येत नाही. पाच मजले जिन्याने चढून आले होते. लिफ्ट चालू होती. पण वॉचमन म्हणाला, "गठरी लेके लिफ्ट में नहीं."

राहू द्यात म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला पटकन बोलता येत नाही. समोरच्याचं बोलून संपतं, तो निघून जातो, तेव्हा माझं वाक्य तयार होतं.

मानसी सोफ्यावर बसली होती. मी खाली, चपलांच्या कपाटाशेजारी. तिच्या एका हातात मोबाइल होता. बेंगलोरचा भाऊ पलीकडून बोलत होता. दुसरा हात तिने माझ्याकडे सोडून दिला. दिला नाही, सोडला. बघितलंही नाही.

आई सांगत होती, "चुडा इंटरनेटवरून मागवतोय. खडे लावलेला, मखमली पेटीत येतो. कंप्युटरवर दाखवला ना हिच्या भावाने, काय सुंदर आहे. फक्त साइज टाकायची. दुकानांत काय, तेच तेच असतं."

दुकानांत म्हणजे माझ्या दुकानात. भाईंदरच्या गोडदेव भागात, घराच्या पुढच्या खोलीत माझं बांगड्यांचं दुकान आहे. दोन बायका बसल्या की तिसरी बाहेर उभी राहते. ही बाई वीस वर्षं त्याच चटईवर येऊन बसली होती. मुंबईहून नवीन राहायला आली तेव्हा तिची पहिली ओळख माझ्याशी झाली, असं तीच सगळ्यांना सांगायची.

मी मानसीचा हात हातात घेतला. तो हात मला पाठ होता. पाच वर्षांची असताना नागपंचमीला माझ्याकडे रडत बसली होती. लाल हव्यात, हिरव्या नकोत. एका हातात लाल आणि एका हातात हिरव्या भरल्या तेव्हा गप्प झाली. अंगठ्याखालचं हाड जरा रुंद आहे तिचं. पण हात मऊ.

"दोन-चार," मी म्हणाले.

"टू-फोर टाक," मानसी मोबाइलवर म्हणाली.

झालं. हात गेला.

मी बोचकं बांधलं. आतल्या बांगड्या वाजल्या. आई म्हणाली, "थँक यू हं बाई. तुम्हाला उगाच चढायला लागलं." मग आत ओरडून कुणाला तरी म्हणाली, "अगं, यांना पाणी दे. त्या बाहेरच्या ग्लासात."

वीस वर्षं ती माझ्या माठातलं पाणी पीत होती. माझ्याच ग्लासातून.

बाहेरचे लोक आमच्या धंद्याची एक रीत विसरत चाललेत. बांगड्या भरून झाल्या की भरलेल्या हातांनी बाई आम्हाला नमस्कार करते. लहान असो, मोठी असो. डॉक्टरीण आली होती एकदा, तिनेही केला. मला आयुष्यात दुसऱ्या कुणी नमस्कार केलेला नाही. माझी आई गेली म्हणून चौथीनंतर शाळा सुटली. मग लहान भावंडं, मग लग्न, मग सासू. कुणाचं लक्ष जाईल असं माझ्यात काही नाही. पण दिवसातून सात-आठ वेळा कुणीतरी बाई माझ्यासमोर हात जोडायची आणि हात वाजायचे. त्या आवाजावर मी उभी राहिले आहे.

त्या दिवशी हात जोडले गेले नाहीत. जोडायला भरलेच नव्हते.

जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर, मला एक गोष्ट आठवली आणि मी थांबले.

माझी सासू मिठाच्या आगरांपर्यंत टोपली घेऊन फिरायची. तिने मला शिकवलं. पहिलं वर्ष तिने मला बांगडीला हात लावू दिला नाही, नुसते हात धरायला लावले. ती म्हणायची, "हात बघू नको, हाड बघ. आणि बाईला बोलती ठेव. बोलायला लागली की हात सैल पडतो. मग सरकव." मला बायकांना बोलतं ठेवता येईना. म्हणून मी माझी रीत काढली. हात माझ्या दोन तळव्यांत धरून ठेवायचा. काही बोलायचं नाही. थोड्या वेळाने तो गरम होतो, आणि एक क्षण येतो, बाई स्वतःचा हात विसरते. त्या क्षणी बांगडी घालायची. अशी भरली की हाताला लागते त्यापेक्षा एक माप लहान बांगडी जाते. मनगटाला नीट बसते, खाली घरंगळत नाही. म्हणून बायका माझ्याकडे यायच्या. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात न जाता गोडदेवच्या बोळात यायच्या.

मानसीचा हात दोन-सहाचा होता. दोन-चार मी भरायचे म्हणून जायची.

इतक्या वर्षांत मी कुणाला तोंडी माप सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. बाईचा हात यायचा, माझा हात डब्याकडे जायचा, बांगडी निघायची. म्हणून विचारल्यावर तोंडातून निघालं ते माझ्या हाताचं माप. चूक होती. आणि मला ती जिन्यात कळली. दोन मजले चढून परत जाता आलं असतं.

मी गेले नाही. गुडघे दुखत होते, हे खरं आहे. पण तेवढंच कारण नव्हतं. ते माझं चुकलं. तेही लिहून ठेवते.

पंधरा दिवसांनी मानसीची आई दुकानात आली. चटईवर फिलूबाय बसली होती. ती उत्तनची, भाईंदरच्या बाजारात मासे विकते. बर्फ आणि कोयता यांमुळे तिच्या बांगड्या टिकत नाहीत, म्हणून दर पंधरवड्याला येते. तिचा हात माझ्या तळव्यांत होता. मानसीची आई बाहेर उभी राहूनच बोलली.

"सहा बांगड्या फुटल्या. सहा. मुलीचा हात कापला, रक्त आलं. हळद उद्यावर आलीय आणि घरात बांगड्या फुटतायत. तुम्हाला साधं माप सांगता येत नाही?"

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आणि लग्नघरात तर कुणीच म्हणत नाही. ती फुटली, फुटली म्हणत होती. बोळातल्या बायका दारात आल्या.

"चूक माझी," ती म्हणाली. "चौथी शिकलेल्या बाईच्या भरवशावर पेटी मागवली. दोन काय आणि चार काय, तुम्हाला सारखंच. आता चला. उरलेल्या तुम्ही भरून द्या. संध्याकाळी पाहुणे आहेत."

ती गेल्यावर फिलूबाय म्हणाली, "तू जानार हाय?"

"पोरीचा हात आहे," मी म्हणाले.

"पोरीचा हात हाय, नि तुजा हात न्हाय काय?" तिने आपला हात पुढे केला, सोललेला, खाऱ्या पाण्याने फाटलेला. "याला कोनचा कंप्युटर बांगडी भरल ते मला दाखव. मंग तू जा."

मी हसले. तिच्या बांगड्या भरल्या. तिने हात जोडले. आणि मी गेले. खोटं कशाला लिहू. सवयीने गेले. बोलावलं की जायचं, हे माझ्या अंगात भिनलं होतं. जिन्यानेच गेले. या वेळी बोचकं नव्हतं तरी जिन्यानेच.

घरात बायका भरल्या होत्या. मला पुन्हा कपाटाशेजारी जागा दाखवली. मानसी खाली उतरून समोर बसली. हाताला पट्टी होती. तिने या वेळी माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते.

मखमली पेटी पुढे आली. मी झाकण उघडलं. आतल्या कागदावर इंग्रजी होतं आणि खाली बारीक हिंदीत गावाचं नाव होतं. फिरोजाबाद. तेवढं मला वाचता येतं. माझ्या दुकानातली प्रत्येक काचेची बांगडी तिथूनच येते. भुलेश्वरच्या बाजारातून आणते मी, पण येते तिथूनच. भट्टीसुद्धा तीच असेल, कुणाला माहीत. फक्त यांना खडे चिकटवले होते. गोंद आत ओघळून सुकला होता. त्याची धार बोटाला लागत होती. अशी बांगडी हातावरून सरकत नाही, ओरखडत जाते.

मी मानसीचा हात तळव्यांत धरला. तो गरम व्हायला लागला.

मागून एक पाहुणी म्हणाली, "यांनीच माप दिलं होतं का? अगं, मग यांना टू-फोर म्हणजे घड्याळातलं वाटलं असेल." बायका हसल्या. आईही हसली. मग मला म्हणाली, "हे बघा, भरताना फुटली तर तुमची हं. तुमचाच नियम आहे."

आहे. भरताना बांगडी वाढवली तर नुकसान आमचं, गिऱ्हाइकाला तोशीस नाही. सासूने हा नियम मोडला नाही, मी मोडला नाही. पण तो माझ्या बांगडीचा नियम आहे. मी निवडलेल्या, मी वाजवून बघितलेल्या, तडा आहे का ते कानाने ऐकलेल्या बांगडीचा. माझी बांगडी नको, माझं दुकान नको, माझ्या घोटभर पाण्याचा ग्लाससुद्धा वेगळा. आणि नियम तेवढा माझा पाहिजे.

माझं वाक्य तयार झालं. या वेळी लोक समोरच होते.

मी मानसीचा हात खाली ठेवला. हळू ठेवला. तिची काही चूक नव्हती, किंवा थोडीच होती.

"ताई," मी म्हणाले, "दोन-चार हे हिच्या हाताचं माप नाही. माझ्या हाताचं आहे. मी भरली तर दोन-चार जाते. दुसऱ्या कुणी भरायची असेल तर दोन-सहा लागते. तुम्ही माप नेलंत. माझा हात मागे सोडलात."

आई म्हणाली, "बरं, आता हात आलाय ना. भरा."

"नाही."

"म्हणजे?"

"या मी भरणार नाही."

"मग मुलीने रिकाम्या हातांनी बोहल्यावर चढायचं? अपशकुन करताय तुम्ही."

"दुकान उघडं आहे," मी म्हणाले. "तिला घेऊन या. चटईवर बसा. माझ्या बांगड्या, माझा हात. तिथे वाढवली तर माझी."

एवढं मी एका दमात आयुष्यात बोलले नव्हते. माझा आवाज मोठा नव्हता. मागच्या बायकांना अर्धं ऐकूही गेलं नसेल. उठले, चप्पल घातली, आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट यायला वेळ लागला. दार उघडं होतं, त्या सगळ्या मागून बघत होत्या. पाठ जळत होती. तरी थांबले. लिफ्टनेच उतरले.

त्या संध्याकाळी दुकान नेहमीपेक्षा तासभर जास्त उघडं ठेवलं. गडद हिरव्या बांगड्या वर काढून ठेवल्या. मायलेकी आल्या नाहीत. मानसी धातूच्या बांगड्या घालून बोहल्यावर चढली असं कळलं. लग्नात छान दिसत होती म्हणे. दिसली असेलच.

नवरा स्टीलच्या गाळ्यातल्या कामावरून आला, ऐकलं, आणि एवढंच म्हणाला, "सगळी बिल्डिंग घालवलीस." खरं निघालं. त्या बिल्डिंगमधलं कुणी आता येत नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्याही बायका कमी झाल्या. मानसीची आई बोळातून जाताना समोरच्या मोबाइलच्या दुकानाकडे बघत जाते. काल एक नवीन मुलगी दारात उभी राहिली. कानाला फोन. आत न येता म्हणाली, "मावशी, माझी साइज काय असेल हो? ऑनलाइन बघतेय."

मी दमले आहे. पेट्या येत राहणार, हे मला दिसतं. त्यांच्यावर माझा राग नाही. पेटीतून आणा, कुठूनही आणा. तुमचा पैसा, तुमचा हात. दुकान किती वर्षं चालेल माहीत नाही. कदाचित फिलूबायचाच हात शेवटचा असेल.

पण माप मी आता तोंडाने सांगत नाही. कुणाच्या घरी जिना चढून जात नाही. लग्न असलं तरी नाही, डोहाळजेवण असलं तरी नाही. नवरीने यायचं. चटईवर बसायचं, माझ्यासमोर, माझ्याएवढ्या उंचीवर.

त्या मुलीला मी चटई दाखवली. "बस," म्हणाले.

ती म्हणाली, "नाही, घाई आहे. अंदाजे सांगा ना."

मी डब्याचं झाकण लावलं आणि चटईवर बसलेल्या बाईचा हात हातात घेतला.