नळदुर्ग, वैशाखात

माझ्या थोरल्या साडूंइतका उन्हाळ्याचा कट्टर समर्थक मराठवाड्यात दुसरा नसेल. इथल्या उन्हाळ्याला समर्थकाची गरज नसते, तो आपला आपण येतो आणि मुक्काम ठोकतो. तरीही साडूंनी त्याचं वकीलपत्र घेतलं आहे. त्यांची हयात विहिरी खोदून घेण्यात गेली. लोहाऱ्यापासून ईटपर्यंत कुणी शेत विकत घ्यायला निघालं की विहीर पारखायला त्यांना नेत, आणि ते वैशाखाआधी पाऊल उचलत नसत. श्रावणात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात; झरा आहे की नाही ते वैशाखात कळतं. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण साडूंनी हा नियम विहिरीच्या काठावर थांबवला नाही. लग्नाला ते दुसऱ्या दिवशी जातात, मांडव सोडत असताना. मुलीला स्थळ आलं तेव्हा ते वैशाखात, दुपारी दोन वाजता, न कळवता मुलाच्या घरी गेले. मुलाच्या आईनं दार उघडलं आणि कोण, कुठले हे विचारण्याआधी पाण्याचा तांब्या पुढं केला. साडूंनी तिथंच लग्न ठरवलं. मुलगा काय करतो, असं घरी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आता गं! ते इचारायचं ऱ्हायलंच की."

निवृत्तीनंतर साडू नळदुर्गात राहायला आले आणि किल्ल्याच्या मागं लागले. बुरूज, तट, बोरी नदीवरचं दगडी धरण, धरणाच्या पोटातला पाणीमहाल, सगळं त्यांनी पायाखाली घातलं. त्यामुळे गावातल्या दुकानदारांनी पाहुण्यांसाठी माहितीपत्रक काढायचं ठरवलं तेव्हा मजकूर साहजिकच त्यांच्याकडे आला. तो चोख होता. फक्त शेवटी, 'येण्याचा उत्तम काळ' या शब्दांपुढं, त्यांनी लिहिलं होतं: वैशाख.

बैठकीला मी हजर होतो. दुकानदारांचे म्होरके, स्टँडजवळचे हॉटेलवाले, कागद हातात धरून म्हणाले, "मामा, वैशाखात हितं कुत्रं सावली सोडत न्हाय. पावणं कशाला येतील? पावसाळा लिवा. धरणावरनं पाणी पडतंय, ते बघायलाच तर लोक येतेत."

"पाणी काय, टाकी फुटली तरी पडतंय," साडू म्हणाले. "पावसात धरण पाणी अडीवतंय एवढंच दिसतं. कशाच्या जिवावर अडीवतंय ते वैशाखात दिसतं."

"चहा कोण पिणार तवा?"

"म्या पितो की!"

"मामा, ऐकत नसाल तर तुमचं नाव काढावं लागंल पत्रकावरनं."

"नाव काढा. वळ ऱ्हाऊ द्या."

दुकानदारांनी ओळ काढली आणि नाव ठेवलं. पत्रकात 'जुलै ते नोव्हेंबर' छापून आलं. साडूंनी भांडण केलं नाही. हॉटेलच्या गल्ल्याशेजारी पत्रकांचा गठ्ठा असे. साडू रोज सकाळी तिथं बसत आणि निळ्या पेनानं प्रत्येक प्रतीवर, छापील ओळीखाली, 'आणि वैशाख' असं लिहीत. हॉटेलवाले बघत आणि चहा पाठवत.

त्या वैशाखात कुणी आलं नाही. पुढच्याही नाही. दोन्ही वर्षं साडू डोक्याला ओला पंचा बांधून, खिशात कांदा घालून दुपारभर धरणावर बसले. "एक जण जरी आला तरी मी खरा," ते म्हणायचे.

यंदा चैत्रात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली. वैशाखात मी नळदुर्गाला गेलो; त्यांच्याकडे जाण्याआधी किल्ल्यात शिरलो. दुपारचे दोन वाजले होते. धबधब्यांच्या तोंडाला थेंब नव्हता. धरणाची भिंत वरपासून पायापर्यंत उघडी पडली होती. पावसाळ्यात मी ती चारदा पाहिली आहे आणि चारही वेळा फक्त पाण्याचे फोटो काढले आहेत. आज प्रत्येक दगड वेगळा दिसत होता आणि एकही जागचा हललेला नव्हता. मी साडूंना फोन लावला.

"कुठं हाय तुमी?"

"धरणावर."

पलीकडे खाट करकरली. मग त्यांनी विचारलं, "आलंय का कुणी?"

मी दोन्ही बाजूंना पाहिलं. तटावर, बुरुजावर, नदीच्या पात्रात. या माणसाला खोटं सांगावं असं पहिल्यांदाच वाटलं, पण हिशेब तपासण्याच्या नोकरीची सवय आड आली. "कुणी नाही, साडूभाऊ."

"तुमी हाय न्हवं?"

"हो."

"मग कुणी न्हाय कसं म्हणता? नीट मोजा की," ते म्हणाले, आणि पलीकडे त्यांचा आवाज अक्कांकडे वळला. "ऐकलं का? आलं एक जण."