साडूंचा पैरा

जगात कॉम्प्युटरच्या एवढ्या भाषा असताना आमच्या साडूंनी माझ्या धंद्याच्या सॉफ्टवेअरसाठी नेमकी ती निवडावी, जिची देखभाल करणारी सगळी माणसं एका वडापच्या जीपमध्ये बसून वर ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी राहील, हा योगायोग आहे असं मला कुणी सांगू नये. तो त्यांचा स्वभाव आहे. फौजेत सिग्नलला होते, रिटायर होऊन वडूजला आले ते कॉम्प्युटरचा नाद घेऊनच. त्यांची स्कूटर अशा कंपनीची, जी केव्हाच बंद पडली; पार्ट लागला की लेथवाल्याकडून बनवून घेतात. स्टँडसमोरची बरी हॉटेलं सोडून पार टोकाच्या टपरीवर जाऊन काढा प्यावा तसा चहा पितात, कारण "आपण न्हाई गेलो तर त्येच्याकडं जाणार कोण, पावनं?" मत नेहमी डिपॉझिट जाणाऱ्याला. लग्नात गेले तर अख्ख्या मांडवात ज्याच्याशी कुणी बोलत नाही असा एखादा बहिरा चुलता हुडकून काढणार आणि शेवटची पंगत उठेपर्यंत त्याच्या कानाशी ओरडत बसणार. असल्या माणसाच्या हाती मी माझं कोल्ड स्टोरेज दिलं. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांना नाही कसं म्हणणार?

माझं कोल्ड स्टोरेज कवठे महांकाळला आहे, बेदाण्याचं. शेतकऱ्यांचे बॉक्स सगळे एकसारखे दिसतात. कुणाचा माल कुठल्या खोलीत, कुठल्या थप्पीत, हे साडूंच्या प्रोग्रामला ठाऊक, दुसऱ्या कुणाला नाही. तो गप्प झाला की एकाचा हिरवागार बेदाणा दुसऱ्याच्या टेम्पोत आणि वडिलांपासून जपलेली पत मातीत. आणि तो गप्प झाला, तेही ऐन सौद्याच्या सकाळी. कॉम्प्युटरनं आपलं आपण काहीतरी अपडेट करून घेतलं होतं. नशिबानं साडू आमच्याकडेच मुक्कामाला होते. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला.

"बिघाड आपल्या प्रोग्राममदी न्हाई," ते म्हणाले, "भाषेतच हाय."

"मग भाषा नीट करा."

"ते म्हाताऱ्यालाच करावं लागंल. त्येच्या डोक्यातनं निघालीय ती. मेल टाकलाय, पण तिकडं अजून तांबडं फुटायचंय."

म्हातारा नॉर्वेत. इकडे फाटकाबाहेर टेम्पोंची रांग लागलेली, व्यापारी फोनवर नाही नाही ते ऐकवतायत, आणि माझी अब्रू राहणार की जाणार हे कुठल्या नॉर्वेतला कोण म्हातारा केव्हा अंथरूण सोडतो त्यावर ठरणार. मी म्हटलं, फोन करून उठवा त्याला. तर साडू माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काहीतरी अधर्म बोललो. "वयस्कर माणूस हाय, पावनं. पाठ दुखती त्येची, पहाटंच कुटं डोळा लागतो."

म्हातारा उठला. दुपारपर्यंत दुरुस्ती आली, टेम्पो हलले, हे मी मान्य करतो. पण माझं डोकं फिरलं ते त्यानंतर. हंगाम डोक्यावर असताना साडू माझ्याच ऑफिसात ठाण मांडून त्या म्हाताऱ्याच्या भाषेची कामं करायला लागले. विचारलं तर म्हणाले, "पैरा फेडाय नको व्हय?" आता पैरा म्हणजे काय, तर आज माझे बैल तुमच्या रानात, उद्या तुमचे माझ्या. वडूजच्या माळावर ते शोभतं. नॉर्वेशी कसला पैरा करता? लाईट माझी, खुर्ची माझी, चहा माझा, आणि औत परमुलखात. त्या जीपभर माणसांत कुणाची पोरगी परीक्षेला बसलीय, कुणाच्या आईचं ऑपरेशन झालंय, हे सगळं यांना पाठ. माझ्या थोरल्याचं नाव विचारलं असतं तर धाकट्याचं सांगितलं असतं.

तेव्हाच ठरवलं, हे खूळ बंद. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस बोलावला. बूट चकचकीत, बोलणं त्याहून. "सर, आमची भाषा सगळं जग वापरतं." कान तृप्त झाले. साडूंना हे फोनवर सांगणं बरं दिसेना, म्हणून गाडी काढून वडूजला गेलो.

ते बंद कॉम्प्युटरसमोर बसले होते. साडूंना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हातारा सोडतोय," ते म्हणाले. "हात थरथरत्यात, टाईप हुईना त्येला. आता त्येच्या जागी भाषा आमी तिघांनी बगायची."

याहून चांगला मोका मिळाला नसता. बरं झालं विषय निघाला, एवढंच म्हणायचं होतं. मी घसा खाकरला.

"त्येनं इचारलं, तुज्याकडं कोण वापरतंय का अजून? म्हटलं, आमचं पावनं हायत की. कवठे महांकाळचा समदा बेदाणा आपल्या भाषेवर हाय. तर गड्यानं नकाशात गाव हुडकलं. ह्यो बगा."

मोबाईलवर एका कागदी नकाशाचा फोटो होता. त्यावर पेन्सिलीनं गोल काढलेला, वाकडातिकडा, निम्मा मिरजेवर गेलेला. साडू तो फोटो मोठा करून करून मला दाखवत होते. मी चहा प्यायलो, तोही त्या टोकाच्या टपरीवर जाऊन, आणि परत आलो. रस्ताभर साडूंना शिव्या घातल्या. असल्या कारणावर कुणी धंदा चालवतं का? घरी येऊन पुण्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं आणि चांगल्यातल्या बेदाण्याचा एक बॉक्स साडूंकडून पत्ता घेऊन नॉर्वेला धाडला. पोचला का, ते विचारलेलं नाही.

राग अजून गेलेला नाही. साडू धरून ते तिघे कधी काय करतील याचा नेम नाही, आणि सौद्याच्या दिवशी माझा जीव टांगणीला असतो तो असतोच. सकाळी फाटक उघडताना घड्याळाकडे नजर जाते आणि तिकडे तांबडं फुटायला किती अवकाश आहे याचा हिशेब आपसूक होतो. आता म्हातारा उठला काय, न उठला काय, त्याच्यावाचून आमचं काही अडत नाही. तरी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी मी जरा थांबतो. वयस्कर माणूस आहे, पहाटेच कुठे त्याचा डोळा लागतो.