बाणाच्या उलट

बागेत रोज जाणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, झाडाखालच्या पानांसारखे, आणि झाडणारा काही रोज येत नाही. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलं, म्हणून कर्वेनगरातल्या आमच्या बागेत जायला लागले. गुडघा होता तसाच आहे. किस्से मात्र इतके झालेत की घरी ऐकायला कोणी उरलं नाही. मी तोंड उघडलं की सून कानात गाण्याचं यंत्र घालते. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावे. हसू आलं तर जरूर हसा. मला हल्ली यातले काही किस्से पूर्ण सांगताच येत नाहीत.

*

सुरुवात साठेसाहेबांपासून करायला हवी. नाहीतर ते म्हणतील, क्रम चुकला.

साठे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी येणाऱ्या आम्हा लोकांचं एक 'उद्यान मित्र मंडळ' आहे आणि साठे त्याचे अध्यक्ष. निवडणूक वगैरे काही झाली नव्हती. शिट्टी त्यांच्याकडे होती, एवढंच.

एका थंडीत यवतमाळकडचं एक जोडपं बागेत यायला लागलं. वानखेडे काका आणि त्यांच्या पत्नी शालिनीताई. मुलगा हिंजवडीला आयटीत, म्हणून म्हातारपणी इकडे आलेले. त्यांच्याकडची रीत अशी, की रस्त्यात माणूस दिसला की नमस्कार करायचा, बरं आहे ना विचारायचं. पहिल्याच दिवशी दोघांनी अख्ख्या बागेला नमस्कार केला. बाग बावरली. अनोळखी माणूस हसून बोलला की तो काहीतरी विकायला आलाय, असं आपण धरून चालतो.

साठे मात्र थांबले. "आपली ओळख?"

वानखेडे म्हणाले, "नमस्काराले ओळख लागते काय जी?"

"पुण्यात लागते," साठे म्हणाले आणि पुढे गेले.

*

बराटे अण्णांना ओळख लागत नाही. बागच त्यांच्या ओळखीची. इथे पूर्वी त्यांचं शेत होतं. जमीन बागेसाठी गेली, बाकीच्या जमिनीवर इमारती झाल्या, मुलांच्या गाड्या झाल्या, आणि अण्णा रोज सकाळी पांढरी टोपी घालून आपल्याच शेतात फिरायला येतात.

मुलांच्या घसरगुंडीजवळच्या बाकावर ते कधी बसत नाहीत. कितीही दमले तरी पुढे जाऊन बसतात. मी एकदा कारण विचारलं.

"तिथं आमची हीर व्हती, ताई," अण्णा म्हणाले. "बुजवली, ठाव हाय मला. पन पोरं वरनं घसरत खाली आली की पोटात गोळा येतो."

तेव्हापासून मीही त्या बाकावर बसत नाही. नव्या लोकांना वाटतं, बाक ओला आहे.

*

शालिनीताईंचा एक प्रश्न ठरलेला होता. समोरून कोणीही आलं की हात जोडायच्या आणि विचारायच्या, "नमस्कार. नवीन आलात का?"

मला दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशीही विचारलं. मी अस्सल पुणेकर, त्यामुळे मला लगेच कळलं की हा टोमणा आहे! आदल्या दिवशी मी नमस्कार केला नव्हता, त्याची ही परतफेड. वैदर्भी माणूस इतका तिरकस बोलू शकतो, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. साठ्यांनाही तो टोमणाच वाटला. ते घरी जाऊन दिवसभर उत्तराचा विचार करत असत, असं त्यांच्या पत्नीनं मला सांगितलं.

गंमत म्हणजे शालिनीताई हेच आपल्या नवऱ्यालाही विचारायच्या. दोघं फाटकातून एकत्र यायचे, मग ताई एका दिशेनं चालायला लागायच्या आणि काका मुद्दाम उलट्या दिशेनं. पाण्याच्या टाकीपाशी समोरासमोर आले की ताई हात जोडायच्या. "नमस्कार. नवीन आलात का?"

काका थांबून हात जोडायचे. "हो जी. आजच आलो."

"या, या. बाग चांगली आहे," ताई म्हणायच्या.

प्रत्येक फेरीला हाच संवाद. आम्हा बायकांना तो खेळ भारी आवडायचा. या वयात नवराबायको रोज नव्यानं ओळख करून घेतात, म्हणजे काय! मिसेस साठे एकदा नवऱ्याला म्हणाल्यासुद्धा, "बघा, शिका जरा." साठे म्हणाले, "आपली ओळख आधीच जास्त झाली आहे."

*

मध्येच हास्यक्लबचा किस्सा सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आमच्या हास्यक्लबची पद्धत अशी की आधी सगळ्यांनी डोळे मिटून शांत उभं राहायचं, मग हात वर करून मोठ्यानं हसायचं. वर्षानुवर्षं हेच. पहिल्या रांगेतले नगरकर अचानक गेले, तेव्हा साठ्यांनी सगळ्यांना उभं करून श्रद्धांजली ठेवली. आम्ही डोळे मिटून शांत उभे राहिलो. खूप वाईट वाटत होतं. साठे "धन्यवाद" म्हणाले, आणि काय झालं कोणास ठाऊक, मागच्या रांगेतून कोणाचे तरी हात वर गेले आणि हो हो हा हा सुरू झालं. शरीराला सवय ती. बघता बघता सगळा क्लब हसायला लागला. हसणं थांबेना आणि लाज वाटून रडूही येईना.

नगरकरांची बायको पुढेच उभी होती. सगळ्यांची दातखीळ बसली. ती म्हणाली, "थांबलात का? ह्यांना गप्प उभं राहणं कधी जमलंच नाही. हसा."

मग आम्ही हसलो. तसं हसणं देव कोणावर न आणो.

*

पुढे बागेच्या खात्यानं नागरिकांची सभा घेतली. बाग कशी हवी, नागरिकांनीच सांगायचं. सतरंजीवर आम्ही सगळे, समोर खुर्चीत एक साहेब.

सहभाग असा झाला की विचारू नका. एकांना हिरवळीवर बसायला परवानगी हवी, दुसऱ्यांना हिरवळीवर बसणाऱ्यांना दंड हवा. तरुण मंडळींना ओपन जिम हवी, आजींना त्या जिमच्या जागी तुळस हवी. अण्णा म्हणाले, "इथं चार वळी ज्वारी लावा. पाखरं येतील." साहेब अण्णांकडे बघून नुसतं हसले.

शालिनीताई उठून उभ्या राहिल्या. काकांनी पदराचं टोक धरून खाली बसवायचा प्रयत्न केला, पण त्या बोलल्याच. "इथं येणाऱ्या माणसाले कोणीतरी 'या' म्हणायला पाहिजे. दुसरं काही नको."

साहेब लिहून घेत होते, ते थांबले. म्हणाले, "मावशी, हे कुठल्या हेडखाली टाकू?"

सगळे हसले. शेवटी एकच सूचना एकमतानं मंजूर झाली, कारण तिच्यात कोणाचं काही जात नव्हतं. साठ्यांची सूचना. फोनमध्ये बघत चालणारी माणसं एकमेकांवर आदळतात, म्हणून ट्रॅकवर बाण काढावेत आणि सगळ्यांनी एकाच दिशेनं चालावं. आठवडाभरात पिवळेधमक बाण निघाले. आमच्या सहभागातून बागेत झालेलं हे पहिलं आणि आजवरचं शेवटचं काम.

*

बाण निघाल्यावर साठे शिट्टी घेऊन टाकीपाशी उभे राहिले. वानखेडे काका नेहमीसारखे उलटे आले. साठ्यांनी शिट्टी फुंकली.

"काका, नियम सगळ्यांना सारखा."

"सायेब, मले असंच चालू द्या न जी. एकटाच तर हाओ."

"आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळे उलटे चालतील."

काकांनी थोडा वेळ बाणाकडे पाहिलं. मग वळले आणि सगळ्यांसारखे चालायला लागले, ताईंच्या मागे, बरंच अंतर ठेवून. पण ताई त्यांच्याहूनही हळू चालायच्या. फेरी संपेपर्यंत काका त्यांच्या अगदी जवळ आले.

हास्यक्लब नुकताच सुरू होत होता. शालिनीताई भराभर चालत आमच्याकडे आल्या आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "बाई, तो माणूस पाहा ना. केव्हाचा माह्या मागं मागं येते."

आम्ही वळून पाहिलं, तर काका! क्लब जो हसायला लागला! कोणीतरी म्हणालं, "अहो ताई, लग्न झाल्यापासून येताहेत की मागे!" पुन्हा हशा. मीही हसत होते. मग माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. ताई रडत होत्या. हळूहळू एकेकाचं हसणं थांबलं. काका लांबच उभे राहिले होते, पुढे यायचं धाडस करत नव्हते.

ताईंना मी पाणी पाजलं, अण्णा त्यांच्याजवळ बसले. काका मग साठ्यांना आणि मला हळूच म्हणाले, "घरी ओळखते कधी कधी. बागेत चालाले लागली की नाही ओळखत. संग चाललो, मागून आलो, की भेते. विचारते, हा कोण माणूस, माह्या मागं काऊन येते? समोरून आलो की नमस्कार करते. म्हणून उलटा चालतो जी."

साठ्यांनी शिट्टी खिशात टाकली. काका टाकीला वळसा घालून समोरच्या बाजूनं आले. ताईंनी डोळे पुसले, हात जोडले. "नमस्कार. नवीन आलात का?"

"हो जी. आजच आलो."

*

बाण पुसायचे तर पुन्हा सभा आणि पुन्हा ठराव. म्हणून बाण राहिले. काका उलटे चालत राहिले. ताईंनी नमस्कार केला की आम्हीही सगळे हात जोडायला लागलो, आणि "नवीन आलात का" विचारलं की "हो" म्हणायला लागलो. अण्णा तर म्हणायचे, "व्हय, कालच शेत इकून आलो."

एकदा एक तरुण धावत आला. काका समोर आले म्हणून त्याला थांबावं लागलं. घड्याळ बंद करत वैतागून म्हणाला, "अंकल, ॲरो दिसत नाही का?"

साठे बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "त्यांना दिसतो. तुम्हाला बाजूला व्हायला जागा दिसत नाही का?"

*

वानखेडे काका पावसाळ्याच्या शेवटी गेले. झोपेतच गेले म्हणे. आम्ही बागेत श्रद्धांजली ठेवली नाही. कोणाची हिंमत झाली नाही.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी शालिनीताईंना घेऊन त्यांची सून आली. सून फाटकापाशी थांबली, सोबत चाललेलं ताईंना चालत नव्हतं. ताई एकट्याच निघाल्या, बाणाप्रमाणे. आम्ही सगळे आपापल्या जागेवरून बघत होतो.

टाकीपाशी त्या थांबल्या. समोर बघत राहिल्या. मागून येणारे लोक बाजूनं पुढे जात होते. समोरून कोणीच येत नव्हतं. सगळे बाण पाळत होते ना!

मी जवळ गेले. त्यांनी मला विचारलं, "ते समोरून येणारे गृहस्थ आज नाही आले?"

टेलिफोनवर जन्मभर लोकांना उत्तरं दिली, पण मी नुसतं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

"चांगला माणूस आहे," ताई म्हणाल्या. "हळू चालते जरा. येतील."

आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. सून फाटकातून निघाली, मी तिला हातानं थांबवलं. का थांबवलं, मलाही माहीत नाही.

साठे बाकावरून उठले. वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी बाकावर ठेवली. दुसऱ्या बाजूनं, बाणांच्या उलट, ते चालत आले. समोरून येणारा एकजण म्हणाला, "साठेसाहेब, तुम्ही?" साठ्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते मुद्दाम हळू चालत होते.

टाकीपाशी येऊन ते थांबले. ताईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग हात जोडले.

"नमस्कार. नवीन आलात का?"

साठ्यांनी हात जोडले.

"हो जी," ते म्हणाले. "आजच आलो."