परत आलेले ट्रॅक्टर

लष्कराच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या मारुतरावांना फरीदाबादच्या पुढं, बल्लभगढला ट्रॅक्टरची एजन्सी मिळाली, तेव्हा प्रभावतीबाई चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. दिल्ली छावणीत निदान शेजारी मराठी बायका होत्या. इथं समोर हायवे आणि मागं गव्हाची शेतं. पण दुकान उघडलं आणि मारुतराव गावोगाव हिंडायला लागले, तेव्हा सुट्या भागांच्या काउंटरवर बसायला कुणीतरी हवंच होतं. बाई बसल्या, आणि पुढची पंचवीस वर्षं उठल्या नाहीत.

नवा ट्रॅक्टर निघाला की त्या त्याला हळदकुंकू लावत, चाकापुढं नारळ फोडत. घेणाऱ्याच्या घरच्या बायका गूळ वाटत. त्यांच्यातलीच एक भरतो नावाची, कालव्यापलीकडच्या रतीरामची बायको. रतीराम हे दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक. ती दर दिवाळीला तूप आणायची आणि "मराठन भाभी" म्हणून गळ्यात पडायची. बाईंची हिंदी सुधारली ती तिच्याच संगतीनं.

नव्वदनंतर वारं फिरलं. कालव्यापलीकडच्या जमिनी नव्या कॉलन्यांसाठी जायला लागल्या. सुरुवातीला जमिनीचे पैसे मिळाल्याचे पेढे दुकानात आले. मग एकेक ट्रॅक्टर परत यायला लागला. ज्यांनी वाजतगाजत नेला होता, तेच मान खाली घालून विचारत, "मारुतराव, इसका कुछ करा दो." मारुतरावांना नाही म्हणता येईना. मागच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागली. बाईंना ते सगळे ओळखू यायचे. धाकटा मुलगा उदयसिंह झाशीकडचे व्यापारी बोलावून ते विकायचा.

"बाबा, हा धंदा संपला," तो म्हणायचा. "लोकांना आता गाड्या हव्यात यार. शोरूम काढू."

"ज्यांनी आपल्याला उभं केलं त्यांना आता मोटारी विकू?" मारुतराव म्हणायचे, आणि जेवण तिथंच थांबायचं.

एका सकाळी रतीराम आला. ट्रॅक्टर धुऊन पुसून आणला होता.

"खेत तो गया. अब इसे कहाँ चलाऊँ?"

मारुतरावांनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "तेरा नहीं लूँगा. घर बैठेगा तो दारू पिएगा, बाकियों की तरह. ट्रॉली लगा, ईंटें ढो. काम मैं दिलाता हूँ."

काउंटरवरून बाईंनी हे ऐकलं. त्यांना बरंच वाटलं. त्यांनी रतीरामला चहा दिला आणि भरतोची खुशाली विचारली.

रतीराम विटा वाहायला लागला. ज्या जमिनीत तो गहू पेरायचा तिथंच आता इमारतीचा पाया खणला होता. पावसाळ्यात एकदा खड्ड्याच्या कडेची माती खचली आणि भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर खाली गेला. रतीराम त्याच्याखालीच गेला.

त्या दिवसापासून मारुतराव दुकानात गेले नाहीत. खाटेवर बसून राहायचे. "मी घेतला असता तर..." एवढंच म्हणायचे. बाई समजूत घालायच्या, "अहो, तुम्ही त्याच्या भल्याचंच सांगितलंत." त्यावर ते भिंतीकडं तोंड फिरवायचे. मालाची उचल घटली म्हणून कंपनीनं एजन्सी काढून घेतली, ते पत्रही त्यांनी उघडलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात गेले.

तेराव्याला गावागावांतून माणसं आली. दारात मोठाल्या गाड्या लागल्या. ओसरीवर थोडा वेळ मारुतरावांच्या आठवणी निघाल्या, मग दुकानाच्या जागेला काय भाव येईल यावर बोलणं गेलं. उदयसिंह उत्तरं देत होता.

आत बायकांत भरतो बसली होती. रतीराम गेल्यापासून बाई तिला पहिल्यांदाच बघत होत्या. तिची बोटं हातात घेऊन त्या म्हणाल्या, "वो आखिर तक खुद को कोसते रहे. उन्हें माफ कर दे, भरतो."

भरतोनं हात सोडवून घेतला नाही. पण मानही हलवली नाही.

"ले लेता तो आज बैठा होता," ती म्हणाली. "बेकार बैठा होता, पीकर बैठा होता, पर बैठा होता."

भरतो पदर सावरून उठली आणि इतर बायकांबरोबर निघून गेली.

वर्षभरात दुकानाची जागा विकली, दुकान पाडलं. उदयसिंहानं त्या पैशांतून कालव्यापलीकडच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, सातव्या मजल्यावर. गाड्यांची शोरूम काही निघाली नाही. तो आता एका दलालाकडं फ्लॅट विकायचं काम करतो. त्याची मुलं आजीशी हिंदीत बोलतात. नातीनं एकदा विचारलं, "दादी, यहाँ पहले क्या था?"

"काही नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि तिला दूध प्यायला लावलं.