बंद करणारा हात

प्रभाकरराव ज्या खोलीतून निघत, ती त्यांच्यामागे विझत जाई. पंखा, दिवा, कॉम्प्युटर, जे चालू दिसेल ते बंद. सिंदी मेघेतल्या एका लग्नात त्यांनी स्वतःचे जेवण आटोपताच मांडवाची रोषणाई बंद केली होती. नवरी अजून जेवायची होती.

बियाणे कंपनीच्या वर्धा शाखेत त्यांची तीस वर्षे झाली. २००५ च्या मे महिन्यात, निवृत्तीला दहा दिवस असताना नागपूरहून फर्मान आले. शाखेला नागपूरशी जोडणाऱ्या राउटरवर नवी प्रणाली चढवा. जमत नसेल तर बिलांचे काम इकडे हलवू. काम हलले असते तर ते करणारी अस्मिताही हलली असती, आणि तिची मुलगी पिपरी मेघेतल्या शाळेत नुकतीच रुळली होती. जमते, असे प्रभाकररावांनी कोणालाही न विचारता कळवून टाकले.

नागपूरचा निशांत फोनवरून एकेक पायरी सांगत होता. राउटरमध्ये जागा कमी, म्हणून जुनी प्रणाली आधी पुसायची, मग कॉम्प्युटरवरून नवी उतरवायची. पंचवीस मिनिटे. मध्येच वीज तुटली तर राउटरचा डबा कायमचा मुका. भारनियमन दोनला, म्हणून त्यांनी बाराला सुरुवात केली. जुनी पुसली गेली. नवी उतरत असल्याची खूण म्हणून पडद्यावर उद्गारचिन्हांची रांग सरकू लागली.

सव्वाबाराला लाइट गेली. वेळापत्रक फक्त भिंतीवर होते.

राउटर आणि कॉम्प्युटर बॅटरीवर तगवणारा यूपीएस कुईकुई करू लागला. तो ओरडला की बंद करायचा, ही शिस्त शाखेला प्रभाकररावांनीच लावलेली. हात आपसूक निघाला. अस्मिताने तो मधेच धरला.

"काकाजी, हात बांधून ठेवू काय तुमचे?"

त्यांनी आपल्या हाताकडे परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. मग त्याच हाताने प्रिंटर बंद केला, शेजारचा कॉम्प्युटर बंद केला, आणि शेवटी उद्गारचिन्हांचा पडदाही.

"आता दिसन कसं?"

"कायले पाह्यतं? टीव्ही हाये काय? पडदाच जास्त बॅटरी खाते."

पडद्यावाचून काम थांबत नाही, असा निर्वाळा निशांतने दिला. काळ्या काचेत दोघांचे घामेजलेले चेहरे तेवढे उरले. आत काही घडत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता. माणसांच्या बाबतीतही बहुधा नसतोच.

पंचविसाव्या मिनिटाला अस्मिताने पडदा पुन्हा चालू केला. सगळे उतरले होते; निशांतने पडताळणीसाठी सांगितलेला आकडाही जुळला. आता राउटर एकदा बंद करून चालू करा, तो म्हणाला.

प्रभाकररावांचे बोट बटणावर गेले आणि तिथेच थांबले.

"माई हिंमत नाई होऊन राह्यली. तूच कर."

"लोकाइच्या लग्नातले लाइट बंद करता नं काकाजी? मंग हे काऊन सोडता?"

त्यांनी बटण दाबले. दहा आकडे मोजायचे होते. ते सतरापर्यंत गेले. मग चालू केले. बराच वेळ काही नाही. मग एक दिवा लुकलुकला, हिरवा झाला, आणि फोनवर निशांत म्हणाला की वर्धा दिसते आहे.

संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे सगळी बटणे बंद केली. राउटरपाशी आल्यावर मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून बाहेर पडले. त्यांच्यामागे खोली पहिल्यांदाच पुरती विझली नाही.